दिवेलागणीचं कुलूप

१

दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं आणि मागचं लावून घ्यायचं. समोरून आलेली लक्ष्मी मागून निघून जाऊ नये म्हणून. हा नियम अवंतिकाला नीट बोलता येण्याच्या आधीपासून माहीत होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमधून तो अजून पाळला जातो. पण तिथल्या मराठी समाजाच्या भवनात मागच्या दाराला नुसती कडी लागत नसे, कुलूप लागे, आणि त्या कुलपाची किल्ली तिच्या चुलत्यांच्या, गोपाळकृष्णकाकांच्या, जानव्याला बांधलेली असे. ‘का’ म्हणून विचारायचं नाही, हा त्या नियमाचाच दुसरा अर्धा भाग होता.

अवंतिकाला न विचारता काही मानायची सवय नव्हती. सिव्हिलची पदवी घेऊन ती इंदूरहून परत आली होती. मग जिल्ह्यात आपत्तीच्या वेळी काय करायचं याचं एक प्रशिक्षण झालं, तेही तिनं करून टाकलं. नोकरी मिळेपर्यंत घरी बसून काय करणार, म्हणून आईनं तिला परस्पर शांताताईंच्या हवाली केलं होतं. शांताताई भवनाच्या खालच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी मुलांकडून परवचा म्हणून घेत. आता त्यांचे गुडघे साथ देत नव्हते.

मे महिना होता. दिवसभर लू वाहून भिंती तव्यासारख्या तापलेल्या. हॉलमध्ये एकच कूलर, आणि त्याच्या पुढ्यात बसायला मुलांची रोज मारामारी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अवंतिकाच्या लक्षात आलं, की मागच्या दाराजवळ भली मोठी सतरंजी मोकळी आहे. तिथं एकही मूल बसत नाही.

ती सहज तिकडे गेली. चप्पल काढलेलीच होती. फरशीला पाय लागला आणि ती दचकली. फरशी माठाच्या पोटासारखी गार होती.

“अरे, इथे बसा ना! किती छान गार आहे.”

पुढच्या ओळीतली स्मृती, सात वर्षांची, दोन वेण्यांची, तिच्याकडे मोठ्या माणसानं लहानाकडे बघावं तशी बघत राहिली.

“तिथं गार लागतं, दीदी.”

“तेच तर म्हणतेय मी.”

“हां. म्हणून नाही बसत.”

अवंतिकानं दोन दांडग्या मुलांना हाताला धरून तिथं बसवलं. मुलं बसलीही. पाढे सुरू झाले. पंधराच्या पाढ्याशी तिनं मान वळवून पाहिलं तर ती दोघं कूलरच्या मागे, घामानं निथळत, इतरांच्या अंगाला अंग लावून बसली होती. आपण कधी सरकलो हे त्यांना सांगता येईना.

२

ओल असेल, असं तिनं मनाशी ठरवलं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. भवन मूळचं रस्त्याच्या बरोबरीचं. पण दर काही वर्षांनी समोरचा रस्ता नव्यानं घालतात. जुना उखडत नाहीत, त्याच्यावरच थर चढवतात. रस्ता वर जातो आणि भवन आहे तिथेच राहून खाली जातं. एके काळी पायरी चढून आत यावं लागे. आता पायऱ्या उतरून यावं लागतं. जमीन उताराची असल्यामुळे मागची गल्ली मात्र वर आहे. मागच्या दारातून दगडी जिना थेट त्या गल्लीत चढतो. म्हणजे पाणी यायचं तर समोरून येणार, आणि वाट असेल तर मागून.

हे सगळं तिच्या डोक्यात सरळ रेषेत मांडलेलं होतं. ओल मात्र त्या रेषेत बसेना. भिंत कोरडी होती. गारवा सकाळी नसे. दिवेलागणीला येई.

दाराचंही तसंच. दर दसऱ्याला त्याला रंग लागे. बाहेरून रंग शाबूत होता. आतून मात्र कमरेच्या खाली रंग उडून लाकूड दिसत होतं, गुळगुळीत झालं होतं. रोजच्या वापरानं उंबरा होतो तसं. पण इथं वापरणारं कोण? ती वाकली आणि आपला तळवा त्या जागी ठेवून पाहिला. उभ्यानं तळवा तिथं सपाट टेकला नसता. तो हात लहान मुलाचा हवा होता.

त्याच संध्याकाळी तिनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला. काकांनी कुलूप लावून ओढून पाहिलं, समोर दिवा लागला, मुलांनी हात जोडले. पाढे म्हणता म्हणता मुलांचा श्वास जिथं तुटे, त्या बारीक फटीतून तो येई. ओला तळवा लाकडावर आपटावा तसा. थप. मग मुलांचा गलका. मग पुन्हा थप. जोर नव्हता त्यात. खूप वेळ आपटून थकलेला हात आपटतो तसा.

लाकूड दिवसा तापतं, संध्याकाळी आकसतं; म्हणून वाजतं. अवंतिकानं स्वतःला हे सांगितलं आणि ते खरंही असू शकलं असतं. पण तिनं शांताताईंकडे पाहिलं. म्हाताऱ्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि हातानं मुलांना खुणावत होत्या: मोठ्यानं. अजून मोठ्यानं.

या हॉलमध्ये परवचा इतक्या घसा ताणून का म्हणवून घेतात, हे कोडं तिला लहानपणापासून होतं. ती स्वतः इथेच ओरडून ओरडून पाढे शिकली होती. आता ते सुटत होतं.

३

“फालतूमध्ये टेन्शन घेतेस तू,” पुष्कर म्हणाला. पुष्कर तिचा चुलतभाऊ, काकांचा मुलगा. टोपी बाजारात त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि जगातल्या सगळ्या अडचणी सॉफ्टवेअरच्या असतात असं त्याचं मत होतं. “रेकॉर्ड कर. सुनते हैं. भूत निकला तो चॅनेल खोल लेंगे.”

तिनं रेकॉर्ड केलं. दुकानात शटर अर्धं ओढून दोघांनी ऐकलं. मुलांचा आवाज स्वच्छ होता. थाप कुठेच नव्हती. अवंतिकाला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला.

“बघ. लाकूड फुगतं-आकसतं, तेवढंच,” ती म्हणाली.

पुष्कर हसला नाही. त्यानं कानातला इअरफोन बोटानं दाबून धरला होता.

“हे पानी कुठून येतंय?”

“कुठलं पाणी?”

“अगं, मागे. मुलांच्या मागे. जैसे टंकी भर रही है. शुरू से आखिर तक.” त्यानं आवाज वाढवला. “भरतंच चाललंय. सुन ना.”

तिला ऐकू आलं की नाही, हे तिला नक्की सांगता आलं नाही. तिनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. न तपासता काही पुसून टाकणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

मग तिनं तिला येत होतं ते केलं. पावसाळ्याच्या आधी मुलांचा सराव घ्यायचा असं तिनं समितीला सांगितलं. समिती म्हणजे अध्यक्ष जगदेवराव, गोपाळकृष्णकाका आणि शांताताई. जगदेवरावांचे आजोबा सरदारांच्या पागेत होते. ते स्वतः बँकेतून निवृत्त झाले होते, पण बसत मात्र घोड्यावर बसल्यासारखे.

“ग्वाल्हेरात पूर?” ते म्हणाले. “बाई, इथे नळाला दिवसाआड पाणी येतं. पूर आला तर आम्ही बादल्या घेऊन उभे राहू.”

“काका, थोड्या वेळात भरपूर पाऊस पडला तर नाला तो पोटात घेऊ शकत नाही. प्लास्टिकनं तो निम्मा भरलेलाच आहे. पाणी आपल्या पायऱ्यांवरून आत येणार. गुडघाभर वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं, मुलांचं काय होईल?”

“म्हणून?”

“म्हणून मागचं दार संध्याकाळी उघडं राहायला हवं.”

काकांचा हात नकळत सदऱ्याच्या आत गेला, किल्ली आहे का ते बघायला. शांताताई उठल्या, गुडघे धरून, आणि बाहेर गेल्या.

“सराव घे,” जगदेवराव म्हणाले. “पुढच्या दारानं घे. त्या दाराचं नाव काढू नकोस.”

तिनं सराव घेतला. लांब दोरीला गाठी मारल्या, एका मुलाला एक गाठ. दप्तर सोडायचं, दोरी सोडायची नाही. मोठ्यांनी आधी मेन स्विच बंद करायचा. शिट्टी वाजली की गप्पा बंद. मुलांना तो खेळ फार आवडला. शांताताईंनीही पदर खोचून पहिली गाठ धरली. पण दोरी प्रत्येक वेळी त्या पायऱ्यांकडेच जायची, जिथून पाणी येणार होतं. अवंतिका रागानं धुमसत शिट्टी वाजवत राहिली.

४

श्रावणात एका दुपारी आभाळ फाटलं. नई सडकेवर टेम्पो थांबले, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी राहिली. संध्याकाळी पाऊस थोडा कमी झाला, म्हणून आयांनी मुलांना पाठवलं. काकांनी कुलूप लावलं. दिवा लागला.

पाढे सुरू होण्याआधीच थाप पडली. या वेळी ती थकलेली नव्हती.

अवंतिकानं दाराकडे पाहिलं नाही. तिचं लक्ष कोपऱ्यातल्या मोरीकडे गेलं होतं. मोरीच्या जाळीतून पाणी उलटं वर येत होतं, काळं, बुडबुडे सोडत. नाला भरला होता. आता पाण्याला जायला जागा उरली नव्हती, आणि जागा नसलेलं पाणी खोलगट भाग शोधतं.

तिनं शिट्टी वाजवली आणि मेन स्विच खाली ओढला. हॉल करडा झाला. दारातल्या उरल्यासुरल्या उजेडात पहिल्या पायरीवरून पाणी उतरताना दिसलं. आधी पातळ, चकाकत. मग चपला घेऊन. मग एकदम सगळं. समोरचा दिवा तबकासकट तरंगला आणि विझला.

“थांबा,” काका म्हणाले. “ओसरेल. थोडं थांबा.”

“किल्ली द्या.”

“अगं, दिवेलागण आहे...”

“काका, किल्ली!”

त्यांनी सदऱ्यात हात घातला. गाठ सुटेना. पाणी मुलांच्या गुडघ्यांना लागलं होतं आणि ओढत होतं. एक मूल रडायला लागलं, मग सगळीच. अवंतिकानं काकांच्या गळ्यातलं जानवं धरलं आणि हिसका दिला. ते तुटलं. काकांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो रागाचा नव्हता. खूप दिवस धरून ठेवलेलं ओझं कुणी काढून घेतल्यावर माणूस असा आवाज करतो.

ती दाराशी गेली. त्या जागेत पाणी इतरत्र होतं त्याहून कितीतरी गार होतं. मोबाइलचा उजेड कुलपावर धरायला गेली आणि मोबाइल हातातून निसटून बुडाला. अंधार. ती कुलूप चाचपत होती, किल्ली लोखंडावर घसरत होती, भोक सापडत नव्हतं.

मग एका हातानं तिचं मनगट धरलं.

हात लहान होता. कमरेच्या उंचीवरून आलेला. ओला, बर्फासारखा. त्यानं तिचं मनगट जरा डावीकडे नेलं, जरा खाली, आणि किल्लीचं टोक अचूक भोकावर टेकवलं. ज्याला ती जागा झोपेतही सापडावी असा तो हात होता.

“शाबास,” ती धापा टाकत म्हणाली. “आता दोरीला जा.”

मनगटावरचा हात सुटला. कुलूप फिरलं.

५

दार बाहेर उघडलं. वरून पावसाचं वारं आणि गल्लीतला फिकट उजेड आत आला. शांताताईंनी पहिली गाठ धरली आणि ज्या बाईला भवनाच्या पायऱ्या उतरायला आधार लागे, ती जिना चढली. मागून स्मृती, मागून एकेक मूल. अवंतिका दारात पाय रोवून उभी राहिली आणि जाणाऱ्या प्रत्येक डोक्यावर हात ठेवत गेली. ओले केस, क्लिपा, एक मुंडन झालेलं डोकं. शेवटी काका, दोरीचं टोक मुठीत घट्ट धरून.

मुलं संपली. आता तिनं निघायचं होतं.

तिचा हात अजून त्याच उंचीवर होता, आणि हाताखालून आणखी एक डोकं गेलं.

केस ओले होते, पावसानं भिजतात तसे नाही. फार काळ पाण्यात राहिल्यासारखे जड. मग आणखी एक. कुणाच्या तरी परकराचा ओला काठ तिच्या पोटरीला लागून गेला. ती ओरडली नाही. हातही काढला नाही. मुलांना बाहेर काढताना हात काढायचा नसतो, एवढंच त्या क्षणी तिला आठवत होतं. घाईनं नाही, ढकलाढकली नाही. ओळ धरून जात होते ते, जे कोण होते ते.

तिनं वर पाहिलं. जिन्यावर कुणी नव्हतं. दगडांवरून पाणी ओघळत होतं. वरच्या टोकाला शांताताई भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभ्या होत्या. अरुंद जिन्यात समोरून माणसं आली की आपण वाट देतो तशा. त्यांनी पदर छातीशी धरला होता आणि त्यांची नजर पायरी पायरीनं वर सरकत होती.

“सावकाश गं,” त्या म्हणत होत्या. “सावकाश. दगड निसरडे आहेत.”

मग अवंतिकाच्या हाताखाली काहीच उरलं नाही. ती जिना चढून वर आली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मुलांना चादरीत गुंडाळलं होतं, कुणीतरी चहा टाकला होता, पुष्कर अनवाणी धावत येऊन नावं पुकारत होता, आणि प्रत्येक नावाला ओ येत होती. एकही मूल कमी नव्हतं. स्मृती दप्तर राहिलं म्हणून रडत होती.

शांताताई तिच्याजवळ आल्या. त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं, जिथं अजून गार होतं, आणि आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहिल्या.

“मी लहान होते तेव्हाही असंच पाणी आलं होतं. मी पुढच्या ओळीत बसायची,” त्या म्हणाल्या. “पुढच्या दाराजवळ.”



६

गाळ काढायला सगळी आळी आली. फरशी घासली, सतरंज्या नव्या आल्या. आयांनी मुलांना परत पाठवायला सुरुवात केली; खरं तर मुलांनीच घरी हट्ट धरला. पहिल्या संध्याकाळी समिती हॉलमध्येच बसली. जगदेवरावांनी पिशवीतून एक नवं कुलूप काढलं, अजून प्लास्टिकमध्ये होतं, आणि मांडीवर ठेवलं.

“तू त्या दिवशी हिंमत दाखवलीस,” ते म्हणाले. “आम्ही ते विसरणार नाही. पण झालं गेलं. आता नियमानं चालू दे. गोपाळराव, लावून घ्या.”

काकांच्या गळ्यात नवं जानवं होतं. त्यांनी हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

“कुलूप लागणार नाही,” अवंतिका म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे लागणार नाही. कडीसुद्धा नाही. मुलं आत असेपर्यंत ते दार उघडं राहील. आजपासून सरावही त्याच जिन्यानं होईल.”

“मुलगी चार बुकं शिकली म्हणजे देवाधर्माचंही तिलाच विचारायचं का आता?” जगदेवरावांचा आवाज चढला. “माझ्या वडिलांनी लावलेली शिस्त आहे ही. त्यांच्यानंतर मी पाळली. लक्ष्मी दाराशी येते त्या वेळी...”

“लक्ष्मीला जायचं असेल तर जाऊ दे, काका. समोरून परत येईल ती. तिला रस्ता माहीत आहे.”

“उलट उत्तरं देऊ नकोस!”

“बरं. नाही देत.” ती त्यांच्या समोर खाली बसली, मांडी घालून, परवच्याला बसतात तशी. “मला एवढंच सांगा. शांताताई पुढच्या ओळीत बसायच्या. मागच्या ओळीत, या कुलपाच्या दाराशी, कोण बसायचं? ती मुलं तुम्हाला ठाऊक आहेत, तिघांनाही. इतकी वर्षं तुम्ही मुलांना ओरडायला लावलंत, ते त्या मुलांच्या थापा ऐकू येऊ नयेत म्हणून. मी त्यांच्या डोक्यांवर हात ठेवलाय, पण मला त्यांची नावं माहीत नाहीत. एकेक नाव घ्या, मोठ्यानं. आणि मग मला सांगा, की हे कुलूप लाव.”

जगदेवरावांनी तोंड उघडलं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, शांताताईंनी पाहिलं.

“आणि तुम्ही सांगितलंत तरी मी लावणार नाही,” अवंतिका म्हणाली.

उघड्या दारातून वरच्या गल्लीतला उजेड जिना उतरून आत आला होता, आणि त्या उजेडात तिघंही आपापल्या हातांकडे बघत बसली होती.